आईची दाढ आन् मिसरीची डबी

४ फेब्रुवारी
पुन्हा तेच. दादा म्हणतो, आई नाटकं करती. अरं, ज्या बाईला सकाळचं दुपारी ध्यानात ऱ्हात न्हाय, ती नाटक कसलं करती? भाकरी थुंकली, वहिनीच्या बोटाला चावली, की लगेच मला जोधपूरला फोन. मी काय हितलं खोदकामाचं पोकलेन उडवत येऊ गावाला, निरवांगीला?

६ फेब्रु.
व्हिडिओ कॉल. आईनं मला वळखलं न्हाय. ठीक हाय. पण डावा गाल धरून बसलेली. मधीच गालावर चापट मारून घेती. दादाला म्हणलं, तोंडात बघ. म्हणला, "ते डोक्याचंच हाय. डॉक्टर म्हणला की, वाढतच जाणार."
सगळंच डोक्याचं. दात काय डोक्यात असत्यात का रं?

९ फेब्रु.
दादा ऊसतोडीवर गेला तवा वहिनीला फोन लावला. म्हणलं, तोंडात बॅटरी मारून बघा. तिनं बघितलं.
"भाऊजी, दाढंतनं पू येतोय. हिरडीवर पांढरं कायतरी. वास सोसवंना."
कवापासनं?
"काय म्हाईत. अंघोळ घालती, वेणी घालती. तोंडात कवा बघितलंच न्हाय."
दात कोण घासतं मग?
"त्या मिसरी लावत्यात की."
किती येळा? तर आठ-धा. लावल्याचं इसरती, पुन्हा मागती. दिली की गप बसती. जळकी तंबाखू दिवसभर सडक्या हिरडीवर!
लय वरडलो वहिनीवर. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणली, "दिवाळीला तुमीच म्हणला हुता, डबी त्यांच्याजवळच ठिवा, कटकट न्हाय."
म्हणलो हुतो.

११ फेब्रु.
डबी काढून घेतली तर आईनं चुलीतला कोळसा चावला. वहिनीला सवत म्हणली, वर "माझा नवरा आन् डबी दोन्ही चोरली." हसू आलं. मग हसल्याचाच राग.

१४ फेब्रु.
शेजारच्या तात्यांच्या गाडीनं बारामतीला नेली एकदाची. वहिनी गेली. पोटचा पोरगा न्हाय गेला. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, तीन दाढा काढाव्या लागतील. तोंड उघडत न्हाईत, तवा भूल देऊन. आन् त्या पांढऱ्या डागाचा तुकडा तपासायला पाठवायचा. कशासाठी, ते वहिनी फोनवर सांगंना.
दादा: "ह्या वयात भूल? उठलीच न्हाय तर? पातळ पेज द्यायची, झालं."
म्हणलं, तुझी दाढ ठणकली तवा कारखान्याची टोळी तशीच फडात सोडून भिगवणला पळाला हुतास. तुला वरडता येत हुतं. तिला सांगता येत न्हाय म्हणून दुखत न्हाय व्हय?
फोन आपटला त्यानं.

१५ फेब्रु.
ठेकेदार सुट्टी देईना. गेलो तर मशीनवर दुसरा बसंल. तरी बघतो.
दाढांच्या खर्चाचा एक रुपाया दादाच्या खात्यावर टाकणार न्हाय. वहिनीच्या टाकतो. ती म्हणली, "आन् ह्यांनी न्हाय म्हणलं तर?" म्हणलं, इचारायचंच न्हाय. सोमवारी तात्यांची गाडी सांगून ठिवा.
उठलीच न्हाय तर... दादाचं तेवढंच वाक्य डोक्यातनं जात न्हाय.
अठरा हजार पाठवतोय.