डेक्लनच्या हातातली माळ

प्रिय डेक्लन,

आयुष्यभर तू पुस्तकांतून, आयर्लंडच्या रेडिओवरून चर्चशी भांडलास. "मी गेल्यावर पाद्री नको, जपमाळही नको," असं माझ्याकडून वदवून घेतलंस. आणि काल अंत्यविधीवाल्या मॉसी म्हाताऱ्याने सवयीने तुझ्या बोटांत माळ गुंफली!

"अहो, हा कोण आहे ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे की, बाई. रेडिओ लावून रोज शिव्या घालायचो याला. पण रिकामे हात बरे दिसत नाहीत हो."

मी माळ सोडवली. मग तुझे हात इतके उघडे वाटले, की मीच ते धरून बसले. सिस्टरांनी शाळेत घोकून घेतलेली मरियेची प्रार्थना ओठांवर आपोआप आली. थांबू का, म्हणून तुझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तू वाद घातला नाहीस, आणि मला काय करावं ते कळेना.

तुझी थोरली बहीण,
युना