नकाशातला तिसरा जिना

१२ मे, सोम.
हॉलच्या दारावर नोटीस. रविवारच्या मराठी वर्गाला हॉल पुढे द्यायचा की नाही, ते ७ जूनच्या रहिवासी समितीच्या मीटिंगमध्ये ठरणार. कारण काय, तर कचऱ्याचं वर्गीकरण नीट होत नाही, तक्रारी वाढल्यात. कचऱ्याचा आणि बाराखडीचा काय संबंध ते लिहिलेलं नाही, पण न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही. इमारतीत भारतीय वाढले, कचरा बिघडला, म्हणजे भारतीयांनीच बिघडवला. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि संन्यासी म्हणजे माझी चौदा पोरं, 'ळ' म्हणताना जीभ टाळूला लावून घामाघूम होणारी.
नितीन म्हणाला, "दुसरीकडे बघू हॉल." इथे जपानात, निशी-कसाईत, रविवारी सकाळी, स्टेशनपासून चालत! नवरे असं काहीतरी बोलतात आणि परत लॅपटॉपमध्ये जातात.
हा हॉल गेला की वर्ग संपला. लेकीचं, ईराचं, मराठी आधीच 'हो', 'नको' आणि 'भूक' एवढ्यावर आलंय.

१३ मे, मंगळ.
आज जळाऊ कचऱ्याचा वार. सहा वाजता खिडकीतून पाहिलं तर ओगावा-सान हजर. समितीच्या अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, हातात चिमटा. लोकांच्या पिशव्या उघडतात! आतून बाटल्या, डबे काढतात, गाठ मारून परत ठेवतात. नोटिशीवर शिक्का यांचाच. पूर्वी मला या बाईचा राग यायचा. आज विद्यापीठात थीसिसचं तिसरं प्रकरण लिहिताना एकदम हसू आलं, कारण माझ्या थीसिसमधली बाई, माझी बाई (इथून पुढे मा.बा., किती वेळा लिहायचं), अगदी हेच करायची.

१५ मे, गुरु.
मा.बा.बद्दल सेन्सेईंना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, आज पुन्हा तासभर पिडलं. विसाव्या शतकाची सुरुवात, शिकागोतली गरिबांची वस्ती, बायकांना अजून मतही नाही. आणि ही बाई पहाटे कचऱ्याच्या गाडीमागे चालत जाते, गाडी कुठल्या गल्लीत वळते, कुठली टाळते, लिहून ठेवते. मग घरोघर. कोण राहतं, किती जण एका खोलीत, पोरं कारखान्यात जातात का, दूध कुठून येतं. मग त्याचा रंगीत नकाशा. भाषण नाही, आरडाओरडा नाही. नकाशा भिंतीवर लावला की पुढाऱ्यांची बोलती बंद! अशा कितीतरी जणी होत्या. पोरांच्या मजुरीवरचे कायदे, कारखान्यांची तपासणी, सगळ्याच्या मुळाशी बघावं तर कुणीतरी बाई वही घेऊन जिने चढत असते. माझं खरंच प्रेम आहे या बायकांवर. सेन्सेई म्हणतात, प्रबंधात प्रेम कमी आणि तळटीपा जास्त हव्यात.
ट्रेनमध्ये उभ्या उभ्या डोक्यात आलं. आपणही मोजू या की.

१६ मे, शुक्र.
सुरू. आमची खिडकी दुसऱ्या मजल्यावर, समोर कचऱ्याची जागा, डावीकडून उजवीकडे जिने १ ते ५. वहीत पाच रकाने. पिशवी कुठल्या जिन्यातून आली आणि ओगावा-साननी ती उघडून दुरुस्त केली का, एवढंच. माणसं बघायची नाहीत. मा.बा.सुद्धा माणसांवर ठपका ठेवत नसे, फक्त घर नोंदायची. शास्त्रीय!
नितीन: "तू सीसीटीव्ही झालीयस."
त्याला चहा मिळाला नाही.

२३ मे, शुक्र.
जिना ३! जवळजवळ रोज. टोपी घातलेली एक व्यक्ती सगळ्यांच्या आधी येते, पिशवी ठेवते, जाते. ओगावा-सान लगेच तीच पिशवी सोडतात. आत काय काय! बाटल्या, बॅटऱ्या, एकदा तर चक्क टीव्हीचा रिमोट. जिना ३ मध्ये एकही भारतीय कुटुंब नाही, सगळे जुने भाडेकरू. आमचे लोक जिना १ आणि ५ मध्ये, तिथे चुका अगदी किरकोळ. (जिना ५: कुलकर्ण्यांकडे एकदा नारळाची करवंटी. जळाऊच आहे ती. ओगावा-सान बराच वेळ हातात धरून विचार करत होत्या.)
मन आनंदाने नुसतं उड्या मारतंय. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

३१ मे, शनि.
नकाशा तयार. ईराच्या रंगपेट्या वापरल्या. इमारतीचं चित्र, पाच जिने, हिरवा, पिवळा, नारिंगी आणि जिना ३ लालभडक. खाली जपानीत चार ओळी: शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या स्त्रियांनी सकाळी कचऱ्याच्या गाडीमागे चालत जाऊन, अशाच पद्धतीने आपली वस्ती सुधारली, त्यांना आदरपूर्वक स्मरून. जपानी ईराकडून तपासून घेतलं. तिने नकाशा बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "होंतो नि हारु नो?" खरंच लावणार का म्हणे. म्हटलं, अर्थात.

१ जून, रवि.
वर्ग झाल्यावर नोटीस बोर्डावर लावला. चार चाप, सरळ रेषेत. दोन मिनिटं लांबून बघत उभी राहिले. मा.बा.ला असंच वाटलं असेल.

२ जून, सोम.
कुणी काही बोललं नाही. नेहमीसारखे वाकून नमस्कार. पण लोक बोर्डासमोरून जाताना मान फिरवून जातात. मला वाटलं, लाजले.

३ जून, मंगळ.
कचऱ्याच्या जागी ओगावा-सान नाहीत. चार वर्षांत पहिल्यांदा.
संध्याकाळी ईराला म्हटलं, बरं नसेल का गं त्यांना? ती वही मिटवत म्हणाली, "मम्मी, जिना तीन ओगावा-सान नो उची दायो."
ओगावा-सानचं घर. टोपीवाले आजोबा त्यांचे यजमान. विसरतात. दीड-दोन वर्षं झाली. कुठला कचरा कधी ते त्यांना कळत नाही, पण रोज सकाळी कचरा टाकायचं काम माझं, हे तेवढं पक्कं आठवतं. बायको अडवत नाही. ते टाकून गेले की मागून जाऊन नीट करते. सहाच्या सुमारास, कुणी बघायच्या आत.
"तुला माहीत होतं?"
"सगळ्यांना माहीत आहे."
"मग मला का नाही सांगितलंस?"
"असं सांगायचं नसतं." हे मात्र मराठीत म्हणाली.
मला वाटायचं त्या समोरच्या इमारतीत राहतात, कारण नेहमी इमारतीच्या ऑफिसच्या बाजूने येताना दिसायच्या. चार वर्षं. घर कुठलं हेही कधी विचारलं नाही, आणि निघाले सर्वेक्षण करायला.
नकाशा जाऊन काढला. चौथा चाप सुटेना, ओढून काढला.

४ जून, बुध.
माफी मागायला गेले, जिना ३, चौथा मजला. बेल तीनदा. आतून टीव्हीचा आवाज. दार उघडलं नाही. पेटीत चिठ्ठी टाकली. काय लिहिलं ते इथे पुन्हा लिहवत नाही.
थीसिस उघडला, मिटवला.

७ जून, शनि.
मीटिंग. दहा-बारा जण, समोर बाटलीतला चहा. आमच्याकडून मी आणि कुलकर्णी. मी सुरुवातीलाच उठून माफी मागायची ठरवून गेले होते, वाक्यं पाठ केलेली. पण त्याआधी ओगावा-सानच उठल्या. राखाडी जाकीट, केस नीट विंचरलेले. म्हणाल्या, नकाशा बरोबर आहे. लाल रंग माझ्या घराचा आहे. इतके दिवस सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागलं, त्याबद्दल माफी मागते. तक्रारी भारतीय कुटुंबांच्या नावावर गेल्या, तेव्हा मी गप्प राहिले, ती माझी चूक. नोटिशीवर मी शिक्का मारायला नको होता. अध्यक्षपद सोडते.
आणि वाकल्या. किती वेळ! मी मोजला नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्या, त्यांच्या नाही.
मीही उठले, पाठ केलेलं सगळं विसरले, नुसतं "चूक माझी, चूक माझी" म्हणत राहिले. कुणी 'हो' म्हणालं नाही, कुणी 'नाही' म्हणालं नाही.
एकमताने ठरलं, वर्गाला हरकत नाही. मग नवे अध्यक्ष नाकानो-सान कागद चाळून म्हणाले, "फक्त एक. बाहेरच्या वर्गाला हॉल द्यायचा तर समितीतल्या कुणीतरी जबाबदार म्हणून फॉर्मवर वैयक्तिक शिक्का मारावा लागतो. आतापर्यंत ओगावा-सान मारत होत्या. यापुढे कोण?"
मी दर महिन्याला फॉर्म भरते, ऑफिसच्या पेटीत टाकते, शिक्का होऊन परत येतो. मला वाटायचं, ऑफिसचा शिक्का आहे. वर्गात कुणी भिंतीवर रेघोट्या मारल्या, खुर्ची मोडली तर उत्तर द्यायला त्या बांधलेल्या. चार वर्षं. कधी चकार शब्द नाही.
कुणी हात वर केला नाही. ओगावा-सानही नाहीत. पुढल्या महिन्याचा फॉर्म १३ तारखेपर्यंत द्यायचा.
येताना कुलकर्णी म्हणाले, "वहिनी, आपण निर्दोष सुटलो आणि जामीनदारालाच पळवून लावलं." हसण्यासारखं होतं. हसू आलं नाही.

८ जून, रवि.
वर्ग झाला. या महिन्यापुरता हॉल आहे. पोरांनी 'कमळ', 'बाळ', 'खेळ' न अडखळता म्हटलं. नेमकं आजच म्हणायचं होतं का रे!

१० जून, मंगळ.
सहाला खाली गेले, चिमटा घेऊन. ओगावा-सान नाहीत. टोपीवाले आजोबा आले. वाकून नमस्कार, पिशवी माझ्या हातात दिली. "आज बायकोला उशीर झाला," म्हणाले. मी म्हटलं, "मी आहे." पिशवीत तीन बाटल्या आणि एक चांगली धुतलेली चहाची किटली. किटली त्यांच्या दाराबाहेर ठेवून आले.

११ जून, बुध.
दुपारी चारला गेले. फॉर्म पिशवीत होता, खोटं कशाला लिहू. या वेळी दार उघडलं. "या, पाटणकर-सान." आजोबा आत झोपलेले. चहा दिला, तांदळाची कुरकुरीत सेनबेई दिली. माझी माफी ऐकून घेतली, "ती चिठ्ठीत वाचली," म्हणाल्या.
मग म्हणाल्या, बोर्डावर तुम्ही त्या अमेरिकेतल्या बायकांबद्दल लिहिलं होतं. मी पुन्हा पुन्हा वाचलं. सकाळी गाडीमागे चालत जायच्या?
सांगत सुटले. गाड्या, वह्या, जिने, दूध, कारखाने. त्या अगदी मन लावून ऐकत होत्या, मध्ये नवलाने "हे!" म्हणत होत्या. हसल्यासुद्धा. त्यांना मा.बा. आवडली! मलाच गहिवरून आलं. मनात आलं, थीसिस चूक नाही माझा. त्या बायका मोठ्याच होत्या. ही बाईही त्यांच्यातलीच, फक्त नकाशा न काढणारी.
मग त्यांनी विचारलं, "लाल रंगाच्या घरांत जे राहत होते, त्यांनी तो नकाशा पाहिला होता का? काय म्हणाले ते?"
पाच वर्षं अभ्यास करतेय. कुठला नगरसेवक चिडला, कुठला कायदा कधी झाला, सगळं तोंडपाठ. हे माहीत नाही. कधी मनातसुद्धा आलं नाही.
"माहीत नाही," म्हटलं.
"शोधता येईल का?"
चिडून नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, शोधते.
फॉर्म काढला नाही. काढवलाच नाही. निघताना त्या दारापर्यंत आल्या, मी बूट घालत असताना माझ्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत द्यायचा असतो. विसरू नका." आणि दार हलकेच लावून घेतलं.
म्हणजे काय? शिक्का मारणार म्हणजे? की नुसती आठवण, इतकी वर्षं अध्यक्ष होत्या म्हणून? नितीनला विचारलं, म्हणाला, पन्नास-पन्नास. ईराला विचारलं, तिने खांदे उडवले.
परवा शुक्रवार. हे काही खिडकीत बसून मोजता येण्यासारखं नाही. वर जाऊन विचारावं लागेल.