ऋषीची भाजी आणि एका बैलाची अडचण

विंझर, भाद्रपद शुद्ध तृतीया

चि. इंद्रजितराव,

मुक्काम पुणे, आणि शनिवार-रविवार पानशेत, यांस विंझरहून दाजींचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? सौ. सुलक्षणाची सर्दी गेली का? पानशेतच्या बंगल्याचे गळणे थांबले का? तुझ्या ब्रूनोची प्रकृती मात्र मी विचारत नाही, ती उत्तम आहे. (मला कसे ठाऊक, ते पुढे येईल. घाई करू नकोस.) इकडे सर्व क्षेम आहे, तुझी बहीण दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही, एवढाच काय तो फरक, आणि काहींच्या मते तोही क्षेमातच मोडतो.

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, बांधावरून भांडण नाही. फोन केला की तू ‘दाजी, मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत करतो’ म्हणतोस आणि ती पाच मिनिटे ब्रह्मदेवाच्या घड्याळाने मोजतोस. कागदाला तसे सांगता येत नाही.

तर मुळापासून सांगतो. श्रावणात शाळेच्या ग्रंथालयातले वाळवी लागलेले कपाट आवरताना वनस्पतींच्या इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक हाती आले, आणि इंद्रजिता, मी उभ्या उभ्या चाळीस पाने वाचली. आपल्या उपासाचे पान डोळ्यांपुढे आण. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो ब्राझीलकडचा. बटाटा तिकडचा. शेंगदाणा तिकडचा. रताळे तिकडचे, हिरवी मिरचीसुद्धा तिकडची. सगळी मंडळी गलबतात बसून चार-पाचशे वर्षांमागे इकडे उतरलेली! आपल्या पणजोबांच्या काळात समुद्र ओलांडला तर माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि समुद्र ओलांडून आलेली मिरची मात्र थेट एकादशीला बसली. मी इतका हरखलो की शाळेच्या पायरीवर चपला विसरून अनवाणी घरी आलो आणि अश्विनीला सगळे एका दमात सांगितले.

तिने शांतपणे ऐकून घेतले. (तुझ्या घराण्यातल्या बायका शांत झाल्या की सावध व्हावे, हे मला बावीस वर्षांत उमगायला हवे होते.) पुढच्या सोमवारी माझ्या पानात आली फक्त वरई, वर तूप, जिरे आणि सैंधव. दाण्याची आमटी नाही, बटाट्याची भाजी नाही, मिरचीचा ठिपकाही नाही. म्हणाली, वरई आपल्याच डोंगरउतारावरची आहे, परदेशी काही घातलेले नाही, निश्चिंत जेवा. स्वतः मात्र समोर बसून साबुदाण्याची खिचडी खाल्ली, लिंबू पिळून. उरलेला श्रावण मी असाच काढला. शहाणा माणूस इथे थांबला असता.

पण श्रावण सरत आला आणि मला ऋषिपंचमी आठवली. शेजारच्या पारूकाकीची ऋषीची भाजी तू दोनदा खाल्ली आहेस आणि दोन्ही वेळा पातेले खरवडले आहेस, म्हणून तिचे वर्णन करत नाही; फक्त नियम आठवून देतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले काही चालत नाही, भात नाही, भाकरी नाही. म्हणून काकी परसात कुदळीने खणून, हाताने लावून, अळू, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण आणि मक्याची कणसे वाढवते, आणि पंचमीला फोडणी न देता चिंचेच्या कोळात एकत्र शिजवते. आळीतल्या वीस-बावीस बाया तिच्याच ओट्यावर जेवतात. त्यांच्यामागून आम्ही पुरुष निमित्त काढून तिथून जातो. मी तर दरवर्षी काकीचे गॅसचे पुस्तक बघायला जातो.

यंदा मी आठवडाभर आधीच गेलो आणि तिला सांगितले की काकी, मका आणि लाल भोपळा हेही अमेरिकेकडचे. तुझ्या सात ऋषींपैकी एकानेही मक्याचे कणीस डोळ्यांनी पाहिलेले नाही. ती भेंडी तोडत होती. म्हणाली, “ऋषी आलं काय, न्हाई आलं काय, कणीस आलंय ना? मंग गप.”

हे उत्तर न्यायशास्त्राच्या कुठल्याही प्रकरणात बसत नाही, त्यामुळे मला चेव आला. मी ओट्यावर बसलो आणि पंचावयवी अनुमान मांडले. प्रतिज्ञा: विंझरचा तांदूळ ऋषिपंचमीला चालतो. हेतू: कारण त्याला बैलाचे कष्ट लागलेले नाहीत. उदाहरण: जसे अळू. उपनय: हा तांदूळही तसाच, पॉवर टिलरने चिखलणी केलेला. निगमन: म्हणून चालतो. तेव्हा काकी, खुशाल इंद्रायणीचा भात कर, व्रताला बाध येत नाही. इतके निर्दोष अनुमान मी परीक्षेतसुद्धा लिहिले नव्हते. मी कौतुकाची वाट पाहत राहिलो.

काकीने भेंडीची पाटी खाली ठेवली. तिने विचारले, “मंग गावात बैल हाय कुनाचा?” मी बोटे मोजायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. मानसिंगची जोडी शेवटची. तीही दोन वर्षांमागे गेली. काकीला हे ठाऊक नव्हते असे नाही, पण असे कुणी तिच्यापुढे मांडले नव्हते. काका गेल्यावर अकरा वर्षे नांगराची मूठ तिने स्वतः धरलेली आहे, हे तुला माहीत नसेल. ती परसाकडे वळली. मग मला म्हणाली, “सर्जा, वर्साकाठी एक दिस त्याला म्हनायचं, आज तुज्या कष्टाचं न्हाई खात, आज तू बस. बसायला तो तरी पायजे की न्हाई? कुनाला म्हनू? त्या टिलरला?”

आणि तिने व्रत सोडले. चाळीस वर्षांचे. म्हणाली, पंचमीला पिठलं-भात करीन, मास्तरानं परवानगी दिलीय. परसातली भाजी कुणीही तोडून न्या.

बातमी दुधाच्या गाडीबरोबर गावभर गेली. आळीतल्या बाया एरवी मला पाहून पदर सावरतात, आता सरळ पाठ फिरवतात. एका पालकाने शाळेत येऊन विचारले की संस्कृतात हेच शिकवता का. अश्विनीने बोलणे बंद केले, पण त्याआधी एक वाक्य बोलली: “काकी दोन दिवस परसात गेलेल्या नाहीत. भाजीचं जाऊ द्या, त्यांना उठवा.” मीही कुंपणावरून पाहिले. भेंड्या जून झाल्यात, आणि काकी भिंतीकडे तोंड करून पडून आहे. तेव्हा समजले की मी तिचा तांदूळ सोडवायला गेलो आणि तिचा बैल नेला.

म्हणून मी बैलाच्या शोधात निघालो. एसटीने वेल्हे, तिथून कुणाच्या तरी टेम्पोने भोर. भाटघरकडे एका गृहस्थांकडे देखणी जोडी सापडली. पण ती शर्यतीची. तिला रोज अंडी, बदाम आणि दूध असते, आणि मालक स्वतः मात्र चहात बटर बुडवून खातात. मी नांगराचे नाव काढताच त्यांनी बैलाचे कान झाकावेत तसा मध्ये हात धरला आणि म्हणाले, सर, खेळाडू आहे तो. भोरच्या बाजारात मातीचे रंगीत बैल मिळाले, बेंदराच्या सणातले उरलेले. जोडी आणून काकीच्या उशाशी ठेवली. तिने डोळा उघडून पाहिले आणि म्हणाली की ह्यांच्या कष्टाची मातीच न्हाई खायची व्हय? पण इंद्रजिता, ती बोलली! मी तेवढ्यावर उड्या मारत घरी आलो.

असो. या पत्राने मी तुझ्याकडे काहीही मागत नाही. फक्त मन मोकळे केले. सौ. सुलक्षणास नमस्कार सांगावा, गुडघ्याला निर्गुडीचा शेक द्यावा.

तुझा,
दाजी (सर्जेराव)

ता. क. १ (तृतीयेलाच, दुपारी): एक सांगायचे राहिले. पाहुण्यांना एका बैलाच्या गाडीत बसवून फोटो काढण्यासाठी तू जो बैल घेतलास आणि तुझ्या मुलांनी ज्याचे नाव ब्रूनो ठेवले, तो सकाळपासून माझ्या दारात उभा आहे. तुझा राखणदार कोंडिबा त्याला टेम्पोत घालून घेऊन आला. कोंडिबाला रागावू नकोस. मी त्याला ‘इंद्रजितरावांची ना नसेल’ असे सांगितले होते, आणि ते तुझ्या उमद्या स्वभावाचे अनुमान होते.

ता. क. २ (चतुर्थी, संध्याकाळ): गणपतीमुळे पोस्ट बंद, त्यामुळे पत्र अजून माझ्यापाशीच. आज काकीच्या परसामागचा पडीक तुकडा नांगरायचे ठरले. मानसिंगने माळ्यावरून नांगर आणि जोखड काढून दिले. तेव्हा लक्षात आले की जोखडाला दोन बाजू असतात. कोंडिबाने ब्रूनोकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. पुढचे लिहिण्यासारखे नाही, पण कुंपणावर आळीतल्या बावीस बाया होत्या, तेव्हा तुझ्या कानावर येईलच. ब्रूनोने जन्मात कधी नांगर ओढलेला नाही, मीही नाही. त्या बाबतीत जोडी अगदी सारखी लागली. सव्वादोन तास झाले (नांगराचे, घड्याळाचे नव्हेत). पहिले तास वाकडे गेले ते त्याच्यामुळे, दुसरे माझ्यामुळे, आणि सव्वा एवढ्यासाठी की मी बसलो. आवाज ऐकून काकी काठी टेकत बाहेर आली. आधी ब्रूनोच्या मानेवर हात फिरवला, मग मूठ कोंडिबाच्या हातून काढून घेतली, आणि बायांना ऐकू जाईल असे म्हणाली, “उद्या ह्याच्या कष्टाचं खायचं न्हाई.” मग माझ्याकडे वळून, “मास्तरच्या बी.” अश्विनी खळखळून हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

ता. क. ३ (पंचमी): पहाटे ब्रूनोने दावे सोडवले आणि काकीचे परस खाल्ले. कणसे, भेंडी, दोडका, भोपळ्याचा वेल, सगळे. खाजऱ्या अळवाला मात्र शिवला नाही, आणि सुरण जमिनीत होता. मी डोके धरून बसलो. काकी मात्र उंबऱ्यावर बसून डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसत होती. म्हणाली, चाळीस वर्सं म्या त्याच्या कष्टाचं एक दिस सोडलं, त्यानं माज्या कष्टाचं एका पहाटंत खाल्लं, खाऊ दे, बसून तर खाल्लं. मग प्रत्येक बाईने आपापल्या परसातली मूठभर भाजी आणली आणि पातेले नेहमीपेक्षा मोठे निघाले. अळू नीट शिजले नव्हते. घसा अजून खवखवतो आहे. मी तीनदा घेतली. गॅसचे पुस्तकही पाहून आलो.

ता. क. ४: आता खरे. ब्रूनो परत मागू नकोस. काकीने त्याला आपल्या दारात बांधले आहे आणि त्याचे नाव राजा ठेवले आहे. (माझे नाव तिने तसेच राहू दिले. बदलायची गरज पडली नाही.) पुढल्या वर्षी ती पूर्ण तुकडा नांगरणार म्हणते, आणि मुहूर्तही काढून ठेवला आहे. तेव्हा हात जोडून एवढेच मागणे की वर्षाच्या आत दुसरा बैल घे. पाठ मोडण्याचे सांगत नाही, ती मोडलीच आहे. पण आज जेवून उठताना काकीने माझ्या पाठीवर थाप मारली, खांदा दाबून पाहिला, आणि कोंडिबाला म्हणाली, “ह्यो बी मुरंल वर्सात.”