इंजिनाचा निळा रंग

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता भांडायला हरकत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर वाकडं, पण तुम्ही कुठे वाचणार आहात. विषय तुम्हाला ठाऊक आहे. कंपनीच्या सायडिंगवर मालाच्या वाघिणी ढकलणारं डिझेलचं इंजिन तुम्ही रंगवायचात. आधी ते हिरवं होतं, मग साहेबाला निळं हवं झालं. नाकावर पिवळा पट्टा, मधोमध खाली उतरून टोक केलेला. लांबून इंजिनाचं तोंड कळावं म्हणून तसं करतात, असं तुम्हीच सांगायचात. गुरुवारी चिंचवडच्या कंपन्यांना सुट्टी, इंजिन उभं, म्हणून रंगकाम गुरुवारीच. इथवर पटतं. पण वर्ष सरलं तरी नखांतला निळा काही जाईना. रॉकेलच्या बोळ्यानं तुमची नखं पुसताना आई एकदा म्हणाली, "एवढा रंग खातंय, इंजिन हाय का आख्खी गाडी?" तुम्ही हसलात. ती हसली न्हाई.

मी तेव्हा भोसरीला नांदत होते, दिवाळीला माहेरी आलेले. दिवाळीतल्या त्या गुरुवारी आईनं माझ्या हाती भाकरीचा डबा दिला नि सायडिंगवर धाडलं. डबा नावालाच होता. काळेवाडीत तुमचं दुसरं बिऱ्हाड आहे असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. मी रुळांच्या कडेनं चाललेय. इंजिन उभं आहे, निळंशार, आणि धुतलेला सदरा घालून, रंगाचा डबा हातात धरून तुम्ही फाटकाकडे निघालाय. मी इंजिनाला हात लावला. "हे तर सुकलंय की, अण्णा." "डिझेलच्या इंजिनाचा रंग लवकर सुकतो," तुम्ही म्हणालात. असलं उत्तर मी शाळेतसुद्धा दिलं नव्हतं. घरी आईनं एवढंच विचारलं, "निळं हाय का?" मी हाय म्हटलं. तिनं पुढं काही विचारलं नाही, मला वाटतं तिला विचारायचंच नव्हतं.

आई गेली, तुम्ही गेलात, संशय तेवढा माझ्याकडे राहिला. गेल्या महिन्यात नातवासाठी घर बघायला काळेवाडीत गेले, तर एका पाडायला काढलेल्या चाळीत निळं दार. मधोमध पिवळा पट्टा, आणि त्याला खाली टोक. आता दाराला कसलं नाक, अण्णा? इंजिन रंगवून हात वळलेल्या माणसाशिवाय असं कोण करील? दारात माझ्याहून धाकटी बाई तांदूळ निवडत होती. कुणी रंगवलं म्हणून विचारलं. "आमच्या दादांनी. कंपनीत इंजिन रंगवायचे ते. फक्त गुरुवारचे घरी असायचे." म्हणजे तिकडं तुम्ही दादा. भांडण तोंडाशी आलेलं, पण भांडायचं कुणाशी? तिला आठवड्यातून एकदाच बाप मिळायचा. मी कोण ते सांगितलं नाही. दाराचं काय करणार, एवढंच विचारलं. म्हणाली, भंगारवाला नेईल.

हे पत्र टाकायचं नाहीच. टाकलं तरी कुठल्या घरी टाकू? दार माझ्या गॅलरीत उभं आहे. सून रोज विचारते, हे कशाला आणलंत. मी सांगते, सागवान आहे. सागवान नाही, आंब्याची फळी आहे.