पिल्लं उडेपर्यंत

श्रावण, १९७९

प्रिय खुशाल,

तुझ्या खोलीत भिंगरी पाखरांनी घर केलंय. दिवाळीनंतर कुठं जातात कुणाला ठाऊक, पण उन्हाळ्यात आपल्याकडं येताना वाट चुकत नाहीत. शेजारची मंदाबाई म्हणते, जोडी तीच आहे. जसं काही हिनं त्यांना नावच विचारलं! एरवी त्या पडवीत असायच्या. तू सूनबाईला घेऊन भिलाईला गेलास त्या दिवशी बाबांनी तुझ्या खोलीला कुलूप घातलं होतं. यंदा पेरणीचं धान काढायला उघडली आणि या आत शिरल्या. बोडीच्या पाण्याकाठचा चिखल चोचीनं आणून तुळईला लांब मानेचं मडकं चिकटवलं.

धानाच्या रोवणीला निघताना बाबांनी सवयीनं पुन्हा कुलूप घातलं. बांधीतल्या पाण्यात पऱ्ह्याची रोपं उपटता उपटता एकदम थांबले आणि चिखलाच्या हातांनी घराकडं पळाले. रोवणाऱ्या बाया हसायला लागल्या. मी मागून पोचले तर दार सताड उघडं आणि हे उंबऱ्यावर बसलेले. तेव्हापासून कुलूप नाही. मांजर शिरू नये म्हणून जेवतातही तिथंच. पोटच्या पोराला ज्यानं उंबरा चढू नको म्हटलं, त्याला पाखरांची एवढी काळजी? मला फार राग येतो, आणि त्यांच्या ताटात भाजी मात्र जास्तच वाढली जाते. माझंच मला कळेनासं झालंय.

काल धीर करून विचारलं, खुशालला बोलावू का? घास हातात तसाच धरून म्हणाले, “पिल्लं उडत नाही तवरक दार लावाचं नाही. मले आनखी काही इचारू नको.” आता हे हो म्हणाले की नाही? मी विचार करून थकले.

रोवणीला येणाऱ्या केशरबाईचा भाऊ भिलाईहून आलाय. सूनबाईला सातवा लागला आणि आपली जात वेगळी म्हणून तिच्या माहेरचे तिला बाळंतपणाला नेत नाहीत, असं त्यानं सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं. माहेर उरलं नसेल तर ती माझी लेक. पिल्लांना पिसं फुटलीत, आठवड्याभरात उडतील; मग दाराचं काय होईल, मला ठाऊक नाही. त्याआधी लाखांदूरच्या एस.टी.नं दोघंही या. बाबा उंबऱ्यावरच असतील. बाजूला सरतील की नाही, मला खरंच सांगता येत नाही. तू सूनबाईला पुढं घाल.

तुझीच,
आई