ओठाला लावलेला थेंब

दादा,

काल तुला लिहिलं की चॉकलेट माझ्यामुळे बिघडलं. ते खरं नाही. चॉकलेट ओतण्याइतकं निवलंय का बघायला बाबांनी नेहमीसारखा थेंब खालच्या ओठाला लावला, "जमलं" म्हणाले, म्हणून मी ते साच्यांत ओतलं. ते अजून गरम होतं, त्यांच्या ओठाला ते कळलंच नाही. निवताना त्यातल्या कोको बटरचे स्फटिक नीट बसले नाहीत आणि सगळ्या वड्यांवर पांढरे डाग आले. बाबांचा ओठ आजवर कधी चुकला नव्हता; त्याच्याच भरवशावर मी हे काम शिकले.

गेल्या आठवड्यात ऑपरेशन करून बाबांच्या मानेतली उजवी रक्तवाहिनी मोकळी केली आणि परवापासून त्यांचं त्याच बाजूचं डोकं ठणकतंय. डॉक्टरांनी बजावलं होतं, मेंदूत रक्त एकदम जोरात जायला लागलं तर असं होतं, लगेच घेऊन या. बाबा म्हणतात, "तापलंय, निवेल." तू फोनवर म्हणतोस, "रविवारी येतो, मग बघू. तू ना, फार घाबरतेस."

घाबरते. घरात कुणीतरी घाबरायला नको का?

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस की तू त्यांना फोन करशील आणि दोघं मिळून मला रविवारपर्यंत गप्प बसवाल. दुकानाला कुलूप लावलंय, गाडी दारात आहे. त्यांना घेऊन निघते, आज, मंगळवारीच.

तुझी भित्री धाकटी