उपड्या तांब्यावरचा पेला

प्रिय आत्या,

आमच्या बँडचा नवा अल्बम पूर्ण झालाय आणि तो ऐकवावा असं आपलं माणूस लातुरात उरलं नाही, म्हणून तुला लिहितोय. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं सांगायला अजून धीर होत नाही, तोवर इकडचं तिकडचं सांगतो.

समीर आता हैदराबादला असतो. ड्रम तिथून वाजवून पाठवतो. गिटार आणि ओरडणं माझ्याकडे. आम्हाला ऐकणारे सगळे मिळून तुझ्या अंगणात मावतील, तरी आम्ही कॅसेट काढतोय. हो, कॅसेटच! ब्लॅक मेटल वाजवणाऱ्यांचं सगळं असंच उलटं. सकाळी क्लासवर फिजिक्स शिकवताना माझा आवाज बसलेला असतो. पोरांना वाटतं, सर फार मेहनत घेतात.

तुझं मत काही बदललं नसेल. आम्ही पहिल्यांदा तोंडाला ज्वारीचं पीठ आणि काजळ फासून अंगणात फोटो काढले, तेव्हा तू कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, "याच्यापरीस पोतराज बरा दिसतो की रं! अन् गाणं म्हणता का कुणाला कापून राहिलेत?" समीर इतका हसला की त्याचं काजळ गळ्यापर्यंत आलं.

मी अकरावीला कंधारहून तुझ्याकडे आलो, तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास होते आणि समीर तुझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होता. घर चांगलं स्लॅबचं. तू मात्र अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचीस. भूकंपानंतर तू स्लॅबखाली पाऊल टाकलं नव्हतंस, आमच्या ओसरीवरसुद्धा नाही. आमचा चहा धुण्याच्या दगडावर ठेवून लांबूनच हाक मारायचीस. मला त्याची गंमत वाटायची. मग एकदा तूच सांगितलंस, की भूकंपात गावचं घर पडलं, त्या पहाटे तू अंगणात होतीस आणि तुझा मुलगा, बाळूदादा, आत झोपलेला. तू हाका मारत राहिलीस. त्यानंतर मी तुझी थट्टा केली नाही.

तुझ्या खाटेशेजारी तांब्या उपडा घातलेला असायचा आणि त्यावर स्टीलचा पेला. भुई हलली की पेला पडणार, आणि तुला कळणार. पण समीरनं ड्रम वाजवला तरी तो पडायचाच ना! पहिल्या दिवशी तू अंगणात उभी राहून अशी ओरडलीस, की आख्खी गल्ली गोळा झाली. मग आपलं ठरलं. "वाजवायच्या आधी सांगत जा रं बाबांनो. म्या पेला उचलून ठेवते."

तेव्हापासून दार लावायच्या आधी माझी हाक, "आत्या, आमी वाजवून राहिलो!" आणि शेडमधून तुझं, "हाव, वाजवा." रेकॉर्डिंगमध्ये दर वेळी हे यायचं आणि दर वेळी मी ते कापून टाकायचो. सैतानी संगीत वाजवणाऱ्यांना आत्याची परवानगी लागते, हे लोकांना कळलं तर काय अब्रू राहील?

आता ते सांगतो.

बारावीच्या सराव परीक्षेचे मार्क कळले, त्या दुपारची गोष्ट. तू विचारलंस, "किती पडले रं?" मी न बोलता तुझ्यासमोरून गेलो, दार आदळलं आणि आम्ही सुरू केलं. गाणं संपवून बाहेर आलो, तर तू आमच्या पायरीशी पडलेली. खुब्याचं हाड मोडलं होतं. "च्या सांगाया आले व्हते, पाय सरकला," असं तू दवाखान्यात सगळ्यांना सांगितलंस. मीही तेच धरून चाललो. आत्या, चहा तर तू दगडावर ठेवायचीस! ओसरीवर कशाला चढली असतीस? फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये?

परवा या अल्बमसाठी त्या दुपारचं जुनं रेकॉर्डिंग काढलं. त्या गाण्यात मधे क्षणभर सगळी वाद्यं थांबतात. हेडफोन लावून ऐकत होतो, आणि त्या थांबलेल्या जागेत तू होतीस. दारावर थापा मारत होतीस. "भुई हालली रं! बाहेर या लेकरांनो, बाहेर या!"

मग पुन्हा ड्रम. आमच्या कानांना दडे बसलेले होते, आत्या. आम्हाला ऐकू आलं नाही.

तू मोकळ्या अंगणात होतीस. तुला कसलाच धोका नव्हता. तरी आमच्यासाठी स्लॅबखाली आलीस, आणि ते केवळ मी रागाच्या भरात एक हाक मारली नाही म्हणून.

पुढं वॉकर धरून चालायचीस, तेव्हाही चहाचंच सांगत राहिलीस. का गं? एकदा तरी म्हणायचं होतंस, पिंट्या, का न्हाई सांगितलंस? मी पाय धरले असते. आता तू गेल्यावर घरात माफी मागायलाही कुणी नाही. संध्याकाळी क्लासवरून येतो, फाटक लावतो आणि शेडकडं बघत उभा राहतो.

समीरला ते ऐकवलं. त्यानं फोनवर ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "काढून टाकू का? तू म्हणशील तसं." मी नाही म्हणालो. आजवर पुष्कळ कापलं. आता तुझा आवाज आहे तिथंच राहील.

फक्त गाण्याच्या आधी मी एक गोष्ट जोडलीये. काल दुपारी अंगणात उभा राहिलो, शेडकडं तोंड केलं आणि त्या दिवशीची राहिलेली हाक मारली, "आत्या, आमी वाजवून राहिलो!" त्यापुढं तुझ्या "हाव, वाजवा" एवढी जागा मोकळी सोडलीये.

इथून पुढं घरात कुणी नसलं तरी हाक मारल्याशिवाय तारेला हात लावणार नाही, हा माझा शब्द. तू उठू नकोस. पेला मी उचलून ठेवलाय.

तुझा,
पिंट्या